मदनपुरा ते मुलकोवाल : प्लेगची लस आणि विश्वासाचा प्रश्न (१८९६–१९०७)

महाविद्यालयीन इतिहासात १८९६-९७ च्या प्लेगचा विषय निघाला की पुढचे वाक्य बहुधा रँडसाहेबाचे असते. पुण्यातील घरझडत्या, गोऱ्या सोजिरांचा धुमाकूळ, २२ जून १८९७ ची गणेशखिंडीतील घटना, चापेकर बंधू आणि लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला या क्रमाने प्रकरण पुढे सरकते आणि संपते. हा क्रम चुकीचा नाही. पण त्यात प्लेग हा रोगच मागे पडतो. त्या रोगावर त्याच काळात मुंबईत लस तयार झाली, तिच्या संशोधनाला पुढे युरोपात पारितोषिक मिळाले, ती घ्यावी की न घ्यावी यावर मोहल्ल्यामोहल्ल्यांत चर्चा झाली आणि एकाच शहरात राहणाऱ्या दोन मुस्लिम वस्त्यांनी सरकारी प्लेगव्यवस्थेला दोन टोकांचा प्रतिसाद दिला. हा भाग पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. लस परिणामकारक आहे की नाही, हा प्रयोगशाळेतला प्रश्न तुलनेने लवकर सुटला. ती लोकांना कोणी सांगायची, कशी सांगायची आणि काही बिघडले तर त्याचा खुलासा कोणी करायचा, हा प्रश्न मात्र सुटला नाही.

मुंबईतील पहिला रुग्ण ओळखला तो गोमंतकीय डॉक्टरने. हडफडे गावचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस मांडवी भागात वैद्यकी करीत. २३ सप्टेंबर १८९६ च्या सुमारास त्यांनी तेथील एका रुग्णाच्या ताप आणि गाठींवरून हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याची गोदामे, दाट चाळी आणि तुंबलेली गटारे. उंदीर मरून पडत होते, पण त्या मरणाचा अर्थ अजून कोणाला लागलेला नव्हता. रोगाला प्लेग म्हणावे की नाही यावर अधिकाऱ्यांत काही काळ चालढकल झाली. बंदराचा व्यापार बंद पडेल ही भीती त्यामागे होती. जोखीम सांगण्याच्या बाबतीत सरकारकडून झालेली ही पहिली चूक. लोक मरताना दिसत होते आणि कागदावर रोगाला नाव नव्हते. अशा पोकळीत अफवा शिरते.

मग सरकार एकदम दुसऱ्या टोकाला गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. संशयित रुग्णाला घरातून उचलून इस्पितळात नेणे, नातेवाईकांना छावणीत ठेवणे, घरातील सामान जाळणे, छपरे उघडी करणे, भिंती कार्बोलिकने धुणे, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची अंगतपासणी आणि प्रेताची पाहणी झाल्याखेरीज दफन-दहनास मनाई, अशी उपायांची मालिका सुरू झाली. मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली खास प्लेग समिती नेमली गेली आणि आरोग्याचे काम लष्करी थाटात होऊ लागले.

यातील बरेचसे उपाय शास्त्रीयदृष्ट्या निष्फळ होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. रोगजंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. परंतु तो उंदरावरील पिसवेमार्फत माणसाला लागतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी जून १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगापर्यंत कोणी दाखवून दिलेले नव्हते. त्यानंतरही कित्येक वर्षे त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. म्हणजे भिंती धुणारे आणि छपरे उचकटणारे अधिकारी जे ठामपणे सांगत होते, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हते. घर धुऊन निघे आणि उंदीर शेजारच्या घरात जाई.

अफवांचे वजन

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या सुमारे हजारभर लोकांच्या जमावाने आर्थर रोडवरील साथरोग इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात माणसे मुद्दाम मारतात, त्यांच्या शरीरातून मोमियाई काढतात, असे बोलले जात होते. पुढे लस आली तेव्हा तिच्याबद्दलही अफवा उठल्या. सुई वारभर लांब असते, टोचून घेणारा जागच्या जागी मरतो किंवा सहा महिन्यांनी मरतो, पुरुषाचे पुरुषत्व जाते, बाई वांझ होते, असे पंजाबात सर्रास बोलले जाई.

या अफवांकडे केवळ अडाणीपणा म्हणून पाहण्याची सवय तत्कालीन सरकारी अहवालांनी लावली आणि ती आपल्याकडील शिक्षितांनीही उचलली. ती सोडली पाहिजे. प्लेगच्या इस्पितळात नेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नसत, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. कारण अनेकदा रुग्ण शेवटच्या अवस्थेत नेला जाई आणि रोगावर औषध नव्हते. हे कोणी समजावून सांगितले नाही, तेव्हा लोकांनी स्वतःच कारण जोडले. इस्पितळ मारते, हा निष्कर्ष चुकीचा असला तरी तो निरीक्षणावर आधारलेला होता.

मुस्लिम वस्त्यांत आणखी काही अडचणी होत्या. परदानशीन स्त्रीच्या काखेतील-जांघेतील गाठ परक्या पुरुषाने तपासणे असह्य होते; पुण्यात हिंदू घरांतही याच कारणाने संताप उसळला होता. आजाऱ्याची विचारपूस, मय्यताला गुस्ल, जनाज्यात खांदा देणे ही जमातीची कर्तव्ये छावणी आणि प्रेतपाहणी यांमुळे तुटत होती. दुसरीकडे ताऊन पसरलेल्या मुलखात जाऊ नये आणि आपण तेथे असू तर तेथून पळून जाऊ नये, या आशयाची हदीस उलेमांना पाठ होती. अलग राहण्याचा विचार या परंपरेला परका नव्हता. हकीम अजमल खान यांनी १८९७ साली उर्दूत ताऊनवर पुस्तिका लिहिली. म्हणजे रोगाबद्दल बोलण्याची भाषा समाजाजवळ होती. प्लेग समितीने बहुतांशी वापरली ती मात्र हुकमाची भाषा.

बोकडाचे मांस आणि तूप

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेले हे ज्यू संशोधक शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ. वैद्यकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी १८९२ मध्ये पटकीची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली होती आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात तिचे प्रयोग करीत होते. कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये आरंभी लोक बिथरले. तेव्हा हाफकिन यांच्याबरोबरच्या बंगाली डॉक्टरांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले आणि मग माणसे पुढे आली. हा धडा ते मुंबईला घेऊन आले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोऱ्या डॉक्टरांना हा रशियन, ज्यू आणि बिगरडॉक्टर माणूस मनापासून कधीच आपला वाटला नाही. पुढील घटना समजण्यासाठी हे लक्षात ठेवावे लागते.

ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत काम सुरू झाले. लशीची कृती मोठी बोलकी आहे. प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवावे लागत. युरोपात त्यासाठी गोमांस सहज वापरले असते. येथे गाय आणि डुक्कर दोन्ही अडचणीचे, म्हणून हाफकिन यांनी बोकडाचे मांस निवडले. रश्श्याच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा तेलाचे थेंब सोडले की त्यांच्या आधाराने जंतूंची वाढ लोंबत्या धाग्यांसारखी खाली उतरे. हे पात्र पुनःपुन्हा हलवून वाढ तळाशी बसवायची, काही आठवड्यांनी उष्णतेने जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, अशी ही लस. ती टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येई, दंड सुजे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त, दहा घनसेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना ती टोचण्यात आली. पुढच्या दिवसांत टोचलेल्यांमध्ये मृत्यू झाला नाही, न टोचलेल्यांमध्ये झाले. तुरुंगातली स्वेच्छा किती खरी, ही शंका आजच्या वाचकाला येईल आणि ती रास्तच आहे. पण त्या काळी कैद्याला विचारणे हेही विशेष होते. त्याच वर्षी हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला.

खुशरू लॉज

तिसरे आगा खान, सुलतान मुहम्मद शाह, तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचे होते. इस्माइली खोजांचे इमाम म्हणून त्यांचा शब्द जमातीत अखेरचा होता. त्यांनी तो जाहीरनाम्यातून वापरला नाही. त्यांनी आपल्या लोकांच्या देखत स्वतः लस टोचून घेतली आणि ती बातमी शक्य तितकी पसरेल अशी व्यवस्था केली. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. लस घेतल्यावर इमाम हिंडता-फिरता, धडधाकट दिसतो, हे लोकांनी पाहावे एवढाच त्यांचा हिशेब होता. खोजा जमातीतील हजारो लोकांनी त्यानंतर लस घेतली. हाफकिन यांना जागा अपुरी पडू लागली तेव्हा आगा खान यांनी आपला खुशरू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये स्थलांतर होईपर्यंत प्रयोगशाळा तेथेच होती. देशातील या अग्रगण्य लसनिर्मिती संस्थेचा बराचसा बाल्यकाळ एका मुस्लिम घराण्याच्या वास्तूत गेला, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते.

याच शहरात, तेथून फार लांब नसलेल्या मदनपुऱ्यात, जुलाहा म्हणजे मोमीन विणकरांची वस्ती होती. अवध, बनारस, आझमगड या बाजूंनी आलेली ही कुटुंबे हातमागावर आणि गिरण्यांत पोट भरीत. ९ मार्च १८९८ रोजी प्लेगची शोधतुकडी बारा वर्षांच्या एका आजारी मुलीला नेण्यासाठी तेथे पोचली. घरच्यांनी विरोध केला, गल्लीतले विणकर जमले, दगडफेक सुरू झाली. पोलिसांनी गोळीबार केला आणि दंगल आसपासच्या भागांत पसरली. दोन्ही बाजूंची माणसे मेली. पाठोपाठ गोदी कामगार आणि गाडीवाल्यांनी काम बंद ठेवले, तेव्हा त्यात धर्माची सीमा राहिली नव्हती.

इंग्रजी कागदपत्रांत या दंगलीची संभावना मुसलमानांचा धर्मवेड अशी झाली. खोजांचे उदाहरण शेजारी ठेवले की ते स्पष्टीकरण टिकत नाही. दोन्हीकडे कलमा एकच होता. फरक होता तो मध्यस्थाचा. खोजांकडे जमातखाना होता, व्यापारी पुढारी होते, गव्हर्नरच्या दारात जाऊ शकणारा इमाम होता. सुई त्याच्या दंडातून जमातीत आली. मदनपुऱ्याच्या विणकरांकडे यांपैकी काही नव्हते. परगावचे, भाड्याच्या खोलीत राहणारे हे लोक. त्यांच्या वाट्याला सरकार आले ते शिपाई घेऊन आणि मुलीला उचलण्यासाठी. त्यांचा झगडा लशीशी नव्हताच. येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. आगा खानांचा अधिकार प्रत्येक जमातीला लाभणे शक्य नव्हते आणि लोकशाही समाजात तो अपेक्षितही नाही. परंतु जमातींना स्वतःची प्लेग इस्पितळे चालवू दिली, तेथे लोकांचे जाणे वाढले, हा मुंबईचाच अनुभव होता. जेथे ओळखीचा हकीम, ओळखीचे जेवण आणि बाईला तपासायला बाई, तेथे इस्पितळाची धास्ती कमी झाली. १८९८ नंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली, त्यात पुण्याइतकाच मदनपुऱ्याचा वाटा आहे.

दमण, उंढेरा, हुबळी

लस शहराबाहेर गेली तेव्हा हाफकिन यांच्या कामाचा दुसरा गुण पुढे आला. हा माणूस मोजत असे, आणि मोजलेले छापत असे.

१८९७ च्या उन्हाळ्यात पोर्तुगीज अमलाखालील धाकट्या दमणमध्ये साथ भडकली. तेथील २,१९७ माणसांनी लस घेतली, ६,०३३ माणसांनी घेतली नाही. घेतलेल्यांपैकी ३६ मेले, न घेतलेल्यांपैकी १,४८२. शेकडेवारीत १.६ विरुद्ध २४.६. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण संख्याशास्त्राच्या शिक्षकाला त्यातील खोट लगेच दिसेल. लस घ्यायला पुढे येणारा माणूस कदाचित अधिक सधन, अधिक सावध, मोकळ्या घरात राहणारा असेल. तो लशीविनाही वाचला असता. ही शंका हाफकिन यांनाही होती.

तिचे उत्तर बडोदे संस्थानातील उंढेरा या खेड्यात मिळाले. फेब्रुवारी १८९८ मध्ये साथ चालू असताना हाफकिन आणि मेजर बॅनरमन तेथे गेले. घरोघरच्या माणसांची यादी करून प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्यांना लस टोचायची आणि निम्म्यांना नाही, असे त्यांनी केले. घर तेच, चूल तीच, उंदीर तेच. नंतर ज्या २८ कुटुंबांत रोग शिरला त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले.

पद्धत म्हणून उंढेऱ्याचा प्रयोग आपल्या देशातील वैद्यकीय संशोधनाचा एक उत्तम नमुना आहे. तुलनेचा गट कसा बांधावा, हे विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. पण ते २६ मृत्यू एका आकड्यावर थांबू देत नाहीत. एकाच घरात एका भावाला सुई आणि दुसऱ्याला नाही. ज्यांना वगळले त्यांच्या बाजूने हा हिशेब कोणी मांडला नाही. लस पूर्णपणे सिद्ध झालेली नव्हती, म्हणून तुलना आवश्यक होती, हा बचाव आहे आणि तो खोटा नाही. तरीही भायखळ्याचे आणि दमणचे आकडे हातात असलेल्या माणसांनी हा निर्णय घेतला होता. आजच्या नीतिसमित्यांनी तो मान्य केला नसता.

हुबळीची गोष्ट वेगळी. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या या गावात १८९८ च्या मे महिन्यापासून डॉ. लॉयमन यांनी लस टोचायला सुरुवात केली आणि सप्टेंबरअखेर गावात लस न घेतलेले फारच थोडे उरले. धारवाड आणि गदग येथेही मोठ्या प्रमाणावर काम झाले. बेळगावच्या छावणीतील मद्रासी पलटणीने लस घेतली होती. या सीमाभागात लोक इतक्या संख्येने का पुढे आले? मृत्यू डोळ्यांसमोर होते, हे पहिले कारण. दुसरे कारण व्यवहारी होते. लस घेतल्याचा दाखला असलेल्या माणसाला छावणीत कोंडणे आणि प्रवासबंदी यांतून सूट मिळे. ही सक्ती नव्हे, पण निखळ मर्जीही नव्हे. घर उघडे टाकून माळावरच्या झोपडीत महिना काढण्यापेक्षा दोन दिवसांचा ताप बरा, असा हिशेब शेकडो कुटुंबांनी केला असणार. लशीला येणारा ताप लपवला गेला नाही, हेही येथे महत्त्वाचे. ज्याला आधीच सांगितले आहे की उद्या अंग तापेल, तो तापाला विष समजत नाही.

१८९८ मध्ये एडिंबरोचे प्रा. टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या इंडियन प्लेग कमिशनने लशीमुळे लागण आणि मृत्यू दोन्ही लक्षणीय प्रमाणात कमी होतात, हे मान्य केले. मात्र लशीच्या मात्रेचे प्रमाणीकरण नीट नाही आणि आकडेवारीत त्रुटी आहेत, असे आक्षेपही नोंदवले. लोकांच्या मनात लस कशी रुजली, हा विषय त्यात दुय्यम राहिला.

मुलकोवाल

१९०२ साली पंजाब सरकारने प्रचंड प्रमाणात लस टोचण्याची मोहीम आखली. परळहून एवढी लस पुरवायची तर जुनी पद्धत सावकाश पडत होती. हाफकिन यांनी पद्धत बदलली. जंतू आगरवर वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि कार्बोलिक आम्ल वगळायचे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. पाच बाटल्या वापरल्या होत्या. त्यांपैकी ५३-एन या खुणेच्या एका बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

दोष बाटलीत होता, एवढे उघड होते. तो बाटलीत कोठे शिरला, मुंबईत की मुलकोवालला, हा वाद पाच वर्षे चालला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने दोषाचा संशय प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांच्या हातून काम काढून घेतले गेले आणि १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले. साक्षीत एक गोष्ट आलेली होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता बुचाला लावला गेला होता. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू मुंबईपासून त्यात वाढत असते तर दुर्गंधी यायला हवी होती. पुरावा असा दुसऱ्या बाजूचा असतानाही निष्कर्ष बदलला नाही, आणि चौकशीची कागदपत्रे सरकारने १९०६ अखेरपर्यंत प्रसिद्ध केली नाहीत.

मग युरोपातून आवाज उठला. मलेरियावरील संशोधनाबद्दल १९०२ चे नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि हाफकिन यांचे कलकत्त्यापासूनचे पाठीराखे डब्ल्यू. जे. सिम्प्सन यांनी हे प्रकरण लावून धरले. २९ जुलै १९०७ च्या 'द टाइम्स'मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र आले. मुंबईच्या प्रयोगशाळेवरील आरोप सिद्ध झालेला नाही, असे त्यात म्हटले होते. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने माघार घेतली. हाफकिन कलकत्त्याला परत आले, पण माणसांवर लशीचे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना राहिली नाही. १९०९ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना ब्रियाँ पारितोषिक दिले. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले आणि तोवर तेथून सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.

या सबंध वादात केंद्रस्थानी होती ती एका शास्त्रज्ञाची प्रतिष्ठा. त्याच्यावर अन्याय झाला आणि तो दूर झाला, हे चांगलेच झाले. पण पंजाबच्या खेड्यांना हवे होते ते वेगळेच उत्तर. १०७ पैकी १९ का मेले आणि ८८ का मेले नाहीत, हे साध्या पंजाबीत-उर्दूत गावोगाव सांगता आले असते. एका बाटलीची गोष्ट ही मशिदीत, चौपालात, शाळेत कोणालाही समजण्यासारखी आहे. तसे झाले नाही. सरकार एका बाजूने चौकशी दडवून बसले आणि दुसऱ्या बाजूने लस सुरक्षित असल्याचे सांगत राहिले. लोकांनी १९ जनाजे पाहिले होते. टोचणारा आला की गाव रिकामे होऊ लागले आणि मोठी मोहीम कोसळली.

१९०७ च्या पहिल्या सहामाहीत, पारितोषिकाच्या योग्यतेची ती लस परळमध्ये तयार होत असताना आणि लंडनमध्ये तिच्या निर्मात्याच्या निर्दोषत्वाची पत्रे लिहिली जात असताना, पंजाबात प्लेगची सर्वांत भीषण लाट आली. त्या एका वर्षात त्या एका प्रांतात सहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली.